हप्त्याची गाडी आणि हक्काची बस

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली एक वाद हमखास ऐकू येतो. तरुण म्हणतात, "बसची वाट पाहण्यात आईबापांचे अर्धे आयुष्य गेले. आता हप्त्यावर का होईना, गाडी घ्यायचीच." म्हातारी माणसे म्हणतात, "बसने आणि लोकलने आम्ही संसार ओढले, मुले शिकवली. तुम्हालाच काय धाड भरली आहे?" कुर्ला, गोवंडी, विक्रोळी, घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर, तिकडे उल्हासनगर, अंबरनाथ; कुठेही जा. बोळात पाय ठेवायला जागा नसते, पण दाराशी मोटारसायकल उभी असते. ज्या घरात दोघे कमावते आहेत तेथे आता चारचाकीचाही विषय निघतो.

या वादात दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण गाडी घ्यावी की न घ्यावी एवढ्यावरच चर्चा थांबते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. गाडी घेतली म्हणजे बसशी आपला संबंध संपला का? आम्हाला वाटते, संपत नाही. संपताही कामा नये. म्हणून हा विषय आम्ही आज कुटुंबाच्या पानावर घेत आहोत. तो घरखर्चाचा आहे, जिवाचा आहे आणि हक्काचाही आहे.

चाळीसगावचा टांगा

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या माणसाने गाडी घेतली की "यांना आता गाड्या सुचतात" असे कुजबुजणारे लोक असतात. त्यांना वाहनाचा आणि आपला इतिहास ठाऊक नसतो.

सन १९०१ मध्ये लहानगा भीमराव भावंडांबरोबर सातारहून वडिलांना भेटायला निघाला. आगगाडीतून उतरल्यावर पुढचा रस्ता बैलगाडीचा होता. मुले कोणत्या जातीची हे कळल्यावर त्यांना गाडीत बसवून हाकायला कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि बैल मुलांनीच हाकायचे, या अटीवर एक गाडी मिळाली.

पुढे १९२९ साली हाच मुलगा बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन, सरकारने नेमलेल्या समितीचा सदस्य म्हणून खानदेशात फिरत होता. चाळीसगावी आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत नेण्यासाठी टांगा ठरवला. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला राजी नव्हता. तडजोड अशी निघाली, की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरसबंद मोरीवर चाक दगडांच्या फटीत अडकले, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

ज्या समाजाला पैसे मोजूनही टांगा मिळत नव्हता, त्या समाजातला मुलगा आज स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग धरतो, ही साधी गोष्ट नव्हे. त्याची हौस कुणी हिणवू नये.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. तिकीट काढले की जो येईल तो बसेल, हा नियम सार्वजनिक वाहनाने आणला. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. सरकारी पैशाने राखलेला रस्ता वापरण्यास जातीच्या कारणाने कुणालाही आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. पाणी जसे आपण लढून मिळवले, तसाच रस्ता आणि बसची जागाही आपल्याला कुणी खिरापत म्हणून दिलेली नाही. मिळालेला हक्क वापरायचा नाही आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे आपल्याला परवडणारे नाही.

हप्त्याचा हिशेब

आता घरातला कागद-पेन घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, मोटारसायकलसाठी ८० हजारांचे कर्ज काढले. व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे २,६५७ रुपये येतो. कामाला रोज ३० किलोमीटर जाणे-येणे आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर झाले. लिटरला ५० किलोमीटर गाडी गेली, तर १५ लिटर पेट्रोल लागते. शंभर रुपये लिटर धरले तरी दीड हजार गेले. विमा, ऑईल, टायर, पंक्चर मिळून महिन्याला ५०० धरा. एकूण झाले सुमारे ४,६५० रुपये. बस आणि लोकलचा खर्च दिवसाला ५० रुपये धरला, तरी महिन्याचे १,२५० होतात. फरक सुमारे ३,४०० रुपयांचा.

चारचाकीचे पाहू. ५ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षे. हप्ता सुमारे १०,६२५ रुपये. पाच वर्षांत ६ लाख ३७ हजारांच्या वर भरावे लागतात; म्हणजे १ लाख ३७ हजार नुसते व्याज. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि उभी करण्याची जागा धरली, तर महिन्याला पंधरा-सोळा हजार कुठेच गेले नाहीत. आणि पाच वर्षांनी हातात राहते ती जुनी गाडी. घराची किंमत वाढते, मुलीच्या शिक्षणाची किंमत वाढते; गाडीची किंमत शोरूमच्या बाहेर पडल्या दिवसापासून उतरू लागते.

टेम्पो, रिक्षा किंवा टॅक्सी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. ते वाहन कमावते, त्याचा हप्ता ते स्वतः फेडते. रात्रपाळी करणारा, पहाटे चारला भाजी मंडईत पोचणारा, जेथे बस जातच नाही अशा कारखान्यात काम करणारा, घरात अपंग माणूस असणारा. यांनाही गाडी हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून लागते. पण "शेजाऱ्याने घेतली", "सोयरिकीत विचारतात", "लग्नात सासऱ्याने द्यायला हवी" ही कारणे गरजेत बसत नाहीत. त्यातले शेवटचे तर उघड हुंडाच आहे. तो मागणाऱ्याने विहारात लग्न लावून काय साधले?

आणखी एक सूचना. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि मोटार घेताना तीन वर्षांचा, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदमच काढावा लागतो. ती मुदत संपली की पुष्कळ जण तो पुन्हा काढायचे विसरतात. अशा गाडीने कुणाला धडक बसली, तर नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या डोक्यावर येतो. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन घर विकायची पाळी येऊ शकते. आजच कागद काढून तारीख बघा.

घरात गाडी, पण कुणाची?

भगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी. घरात एक मोटारसायकल आली म्हणजे घराला वाहन मिळाले असे आपण म्हणतो. खरे तर ते एका माणसाला मिळते. नवरा किंवा मुलगा सकाळी ती घेऊन जातो. चार घरची धुणीभांडी करणारी आई, रुग्णालयात आया म्हणून जाणारी बहीण, कॉलेजला जाणारी मुलगी. या सगळ्या पूर्वी जशा थांब्यावर उभ्या होत्या, तशाच आजही उभ्या आहेत. फरक इतकाच, की आता हप्ता भरायचा असतो म्हणून त्यांच्या रिक्षाच्या पैशांना कात्री लागते.

एका गाडीवर कुटुंबाचे भागत नाही, ते बसवरच भागते. शासनाने मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट केले. त्याआधी २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत केला. पण सवलत ही बस आली तरच सवलत. थांब्यावर तासभर बस फिरकली नाही, तर निम्म्या तिकिटाचे करायचे काय?

म्हणून घरात गाडीचा विषय निघाला, की बायकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: "ही गाडी आमच्यापैकी कुणाकुणाच्या उपयोगी पडेल?" जमले तर एक अट घालावी. गाडी येणार असेल, तर ती चालवायला घरातली मुलगीही शिकेल आणि तिचाही परवाना निघेल.

रस्ता खातो कोण?

मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या चाळीस लाखांच्या वर गेली आहे. रस्ते मात्र रबराचे नाहीत. साधी बस सुमारे १२ मीटर लांब असते आणि तीत बसलेले-उभे मिळून साठ माणसे सहज जातात. हीच साठ माणसे मोटारीत दोन-दोन बसवली, तर ३० मोटारी लागतात. मोटार चार मीटरची धरली आणि एकीला एक चिकटवून उभ्या केल्या, तरी १२० मीटरची रांग होते. म्हणजे दहा बसगाड्यांची जागा. मग त्या रांगेमागे अडकलेली बस उशिरा येते आणि लोक म्हणतात, बसचा काही भरवसा नाही! बसला उशीर करणारे कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

सरकारी पैसा कुठे जातो तेही पाहू. मुंबईचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. साडेदहा किलोमीटरचा हा रस्ता. खर्च तेरा-चौदा हजार कोटींच्या घरात. त्यावर दुचाकी आणि रिक्षाला मनाई. बस जाऊ शकते, पण तिथे धावतात त्या मुख्यतः मोटारीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. आणि ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मोटारवाल्याचा टोल शून्य, बसवाल्याचे तिकीट दुप्पट! कष्टकऱ्याच्या खिशातून पाच रुपये जास्त घेताना तोट्याचे कारण सांगितले जाते. मोटारवाल्याला रस्ता फुकट देताना तोटा कुणाला आठवत नाही.

याच बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केले होते, तेव्हा बसचे प्रवासी वाढले होते. परवडली आणि वेळेवर आली, तर माणसे बसकडे येतात. त्यासाठी कुणाला उपदेश करावा लागत नाही.

बस गेली, नोकरीही गेली

बेस्टने मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी चालवली. महापालिकेने हा उपक्रम ऑगस्ट १९४७ मध्ये आपल्याकडे घेतला. पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांहून जास्त असलेल्या बसगाड्या २०२५ साली तीन हजारांच्या आत आल्या. त्यातही स्वतःच्या मालकीच्या थोड्या आणि कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेल्या अधिक.

आपल्यासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. बेस्ट आणि एसटीच्या कायम नोकरीने आपल्या कितीतरी घरांना पहिला पगार दिला. ड्रायव्हर, कंडक्टर, डेपोतला मेकॅनिक; भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना आणि भरतीत आरक्षण. त्या पगारावर मुले डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. बस कंत्राटदाराची झाली, की ड्रायव्हरही कंत्राटदाराचा होतो आणि खासगी मालकाला आरक्षणाचा नियम लागू नाही. पगार किती, सुट्टी किती, उद्या काम आहे की नाही, कशाचीच खात्री नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा मुंबईकर थांब्यावर ताटकळत राहिले.

९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली आणि किमान सात माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अशा चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. बस आपली म्हणताना तिचे दोष झाकायचे नाहीत. लोकलचेही तेच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. अशा बातम्या वाचल्यावर तरुण मोटारसायकलकडे वळला, तर त्याला नावे कशी ठेवावी?

पण मोटारसायकल त्याला वाचवते का? केंद्र सरकारची आकडेवारी पाहा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. दर शंभरात ४४ ते ४५ जण दुचाकीवरचे होते आणि १९ ते २० जण पायी चालणारे. मोटारीच्या पत्र्याआड बसलेला त्यामानाने सुरक्षित असतो. मरतो तो दुचाकीवरचा आणि पायी चालणारा, म्हणजे बहुधा आपलाच माणूस.

चालवायचीच, तर अशी चालवा

गाडी घेतलेल्या बांधवांना आम्ही काही गोष्टी रोखठोक सांगतो.

हेल्मेट हे पोलिसासाठी नव्हे. २०२२ मध्ये मेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते. त्यात मागे बसलेले १४ हजारांहून अधिक होते. हेल्मेट आरशाला किंवा कोपराला लटकवून डोके वाचत नाही. आयएसआय शिक्का असलेले घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. मागे बसणाऱ्या पत्नीलाही हेल्मेट हवे. चार वर्षांवरील मुलालासुद्धा कायद्याने ते लागते. साडी नेसून बसायचे असेल तर साडीगार्ड आहे का ते पाहा. पदर आणि ओढणी आधी खोचून घ्या.

वेगाचे गणित शाळेतल्या मुलालाही समजेल असे आहे. वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. २०२२ च्या मृत्यूंपैकी शंभरात ७१ वेगामुळे झाले.

मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती चावी देऊ नका. "आमचा बाळ्या काय झकास चालवतो" हे कौतुक महागात पडते. अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला, तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल वेगळे काय सांगावे? पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो. ते विहारातून बाहेर पडल्यावरही पाळायचे असते. चालवणारा प्यालेला असेल तर मागे बसू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

उलट दिशेने घुसू नका. झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी करू नका. तिथून आपलीच आई रस्ता ओलांडत असते. बसच्या थांब्यावर गाडी लावू नका, कारण मग बस रस्त्याच्या मध्यावर थांबते आणि म्हाताऱ्या माणसाला वाहनांच्या मधून जाऊन चढावे लागते. आणि अपघात दिसला तर जखमीला उचला. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा रुग्णालयाने नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने त्याला संरक्षण दिले आहे.

एक बोचरी गोष्टही बोलली पाहिजे. चौदा एप्रिलच्या रॅलीत काही तरुण तिघे-तिघे बसून, सायलेन्सर काढून, डोक्यावर फक्त निळा फेटा बांधून गाड्या पळवतात. हाती असलेला झेंडा कुणाचा आहे, याचा तरी विचार करावा. याउलट सहा डिसेंबरला लाखो माणसे रेल्वेने आणि एसटीने दादरला येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहून चैत्यभूमीवर नतमस्तक होतात आणि पुस्तके विकत घेऊन परततात. ती शिस्त आपल्याला उपजत येते. मग तीच शिस्त चौदा एप्रिलच्या रस्त्यावर का दिसू नये?

काय मागायचे, कसे मागायचे?

गाडी घ्या किंवा घेऊ नका. तो प्रत्येक घराचा निर्णय आहे. पण घेतल्यावर बससाठी बोलणे सोडू नका. ज्यांना आवाज आहे, पगार आहे, लिहिता-वाचता येते, तेच बस सोडून गेले आणि गप्प झाले, तर थांब्यावर मागे राहिलेल्यांची दाद कोण लावणार?

मागण्या साध्या आहेत. बेस्टच्या आणि एसटीच्या स्वतःच्या गाड्या वाढवा. चालक-वाहकांची कायम भरती आरक्षणासह करा. मोठ्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका द्या. थांब्याला छप्पर आणि दिवा द्या. वस्तीसमोर हायवे ओलांडायला सुरक्षित सोय करा.

मागायची रीतही सोपी आहे. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारता येते, की आमच्या थांब्यावरून जाणाऱ्या अमुक क्रमांकाच्या बसच्या गेल्या महिन्यात किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि प्रत्यक्ष किती झाल्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला हे शुल्क माफ आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर हाती आले, की डेपो व्यवस्थापकाकडे आणि नगरसेवकाकडे शंभर सह्यांचा अर्ज घेऊन जा. नुसती तक्रार टाळता येते. आकडे घेऊन आलेल्या शंभर माणसांना टाळणे अवघड असते.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली, की दहा मिनिटे बसा. कुणाची बस कोणत्या क्रमांकाची, किती वाजता यायला हवी आणि किती वाजता येते, हे एका वहीत लिहून काढा. गाडीवाल्यांनीही त्या वहीत आपल्या आईच्या आणि बहिणीच्या बसचा क्रमांक लिहावा, आणि पहिली सही त्यांनीच करावी.